स्पॅनिशमध्ये समोरच्याला गप्प कसं करावं?

स्पॅनिशच्या वर्गात आज्ञार्थ शिकवून झाला की विद्यार्थ्यांची एक ठाम समजूत होते. मित्राला ‘कायाते’ म्हणायचं, मोठ्या माणसाला ‘कायेसे’ म्हणायचं, झालं काम. पाठ्यपुस्तकातला तक्ताही तेच सांगतो. एका रकान्यात ‘तू’चं रूप, शेजारच्या रकान्यात ‘उस्तेद’चं, म्हणजे आपल्या अहो-जाहोचं. तक्ता व्याकरणाला धरून आहे. पण तो पाठ करून माद्रिदच्या बसमध्ये फोनवर मोठमोठ्याने बोलणाऱ्या आजोबांना ‘कायेसे, पोर फाबोर’ म्हणालात, तर अख्खी बस वळून तुमच्याकडेच बघेल. आपल्याकडे तरी ‘आपण गप्प बसा’ म्हटल्याने कुणाचा मान राहतो का? साध्या ‘गप्प बस’पेक्षा ते जास्त झोंबतं. स्पॅनिशमध्येही तसंच आहे. आदरार्थी रूपाने अंतर राखलं जातं, अपमान टळत नाही. तो टाळायचा तर क्रियापदच बदलावं लागतं. तोंड बंद करायला सांगू नका, आवाज कमी करायला सांगा. हे एक सूत्र पक्कं झालं की उरलेला भाग तपशिलाचा आहे, आणि त्या तपशिलात मजाही आहे.

आधी उच्चारांचं थोडक्यात. स्पॅनिशचा ‘त’ आपल्या ‘त’सारखाच दंत्य आहे, ही मराठी माणसाची मोठी सोय. ‘व्ही’ हे अक्षर लिहितात, पण उच्चार ‘ब’कडे झुकतो, म्हणून ‘फाबोर’ आणि आवाजाला ‘बोस’. ‘जे’चा उच्चार आपल्या ‘ख’च्या जवळ जातो, घशातून घासून. ‘एच’ कधीच ऐकू येत नाही. स्पेनच्या मोठ्या भागात ‘सिलेन्सिओ’चा ‘सिलेन्थिओ’ आणि ‘बोस’चा ‘बोथ’ होतो. तुम्ही ‘स’ म्हटलंत तरी कुणी नाक मुरडत नाही, कारण लॅटिन अमेरिका सगळी ‘स’च म्हणते.

आता ते बदनाम क्रियापद. ‘कायार्से’ म्हणजे गप्प बसणं. ‘तू’ला ‘कायाते’, आघात पहिल्या ‘का’वर. अर्जेंटिना आणि उरुग्वेत ‘तू’ऐवजी ‘बोस’ हे सर्वनाम वापरतात (आवाजाच्या ‘बोस’शी त्याचा संबंध नाही). तिथे आघात पुढे सरकतो आणि ब्युनोस आयरेसकरांच्या तोंडी ‘य’चा ‘श’ होतो, म्हणून शब्द ऐकू येतो ‘काशाते’, जोर ‘शा’वर. ‘उस्तेद’ला ‘कायेसे’. अनेकजण असतील तर लॅटिन अमेरिकेत सर्वांना एकच रूप, ‘कायेन्से’. पहिलीतली पोरं असोत की संचालक मंडळ असो, अनेकवचनी ‘उस्तेदेस’ तिथे सगळ्यांनाच लागतं. आपल्या अनेकवचनी ‘तुम्ही’सारखंच, त्यामुळे मराठी माणसाला ते लगेच पचतं. स्पेनमध्ये मात्र मित्रमंडळींसाठी वेगळं ‘बोसोत्रोस’ आहे आणि त्याचं रूप ‘कायाओस’. रस्त्यावर तुम्हाला त्याऐवजी ‘कायारोस’ सर्रास ऐकू येईल. बोलणारे स्पॅनिशच असतात, पण ते प्रमाण रूप नाही. परीक्षेत लिहिलंत तर गुण जातील.

नकारात एक खाच आहे. ‘गप्प बसू नकोस, बोल’ असं सांगायचं तर ‘नो ते कायेस’. ‘नो कायाते’ असं काही रूप नाही.

हे सगळं शिकायचं ते ओळखण्यासाठी. स्वतःहून वापरण्याजोगी ठिकाणं फार थोडी: सख्खी भावंडं, जिवलग मित्र, स्वतःची मुलं. तिथेसुद्धा ‘पोर फाबोर’ जोडल्याने गोडवा येत नाही. ‘कायाते, पोर फाबोर’ म्हणजे वैतागलेल्या माणसाचा सुस्कारा. मेक्सिकोच्या ‘एल चावो देल ओचो’ या विनोदी मालिकेतला गालफुग्या कीको हाच शब्द तीनतीनदा ओरडायचा आणि लॅटिन अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या त्यावर हसल्या. हसल्या कारण तो लाडावलेला पोरगा होता. मोठ्या माणसाने कार्यालयात तसं म्हटलं तर कुणी हसत नाही.

प्रश्नाचं रूप दिलं की वाक्य मऊ होतं, असाही एक समज आहे. तो खोडायला एक प्रसिद्ध उदाहरण पुरेसं आहे. नोव्हेंबर २००७मध्ये चिलीची राजधानी सान्तियागो इथे स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषिक देशांची शिखर परिषद भरली होती. व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्यूगो चावेझ स्पेनचे माजी पंतप्रधान अस्नार यांना फॅसिस्ट म्हणाले. अस्नार यांचे राजकीय विरोधक असलेले तेव्हाचे पंतप्रधान सापातेरो त्यांच्या बाजूने बोलू लागले: पटत नसलं तरी लोकांनी निवडून दिलेल्या माणसाबद्दल आदराने बोला. चावेझ मध्येमध्ये बोलतच राहिले. शेवटी शेजारी बसलेले स्पेनचे राजे हुआन कार्लोस पुढे झुकून म्हणाले, ‘पोर के नो ते कायास?’ तू गप्प का बसत नाहीस? वाक्य जगभर गेलं. लोकांनी ते फोनच्या रिंगटोनवर लावलं, टी-शर्टवर छापलं. व्याकरणाने बघा: प्रश्न आहे, आज्ञा नाही. तरी त्यापेक्षा मोठी आज्ञा त्या सभागृहात त्या दिवशी कुणी दिली नसेल. आणि रूप ‘तू’चं. राजे बहुतेकांना ‘तू’च म्हणत, स्पेनमध्ये त्याचं कुणाला नवल नव्हतं, पण अटलांटिकच्या पलीकडे अनेकांना त्यात जुन्या मालकाचा सूर ऐकू आला. समजा राजे ‘पोर के नो से काया?’ असं ‘उस्तेद’ने म्हणाले असते. प्रकरण तेवढंच पेटलं असतं, असं मला वाटतं. घाव ‘कायार’ या क्रियापदात होता.

मग म्हणायचं काय? अनोळखी माणसाला, वयाने मोठ्या माणसाला, शेजाऱ्याला, गिऱ्हाइकाला: ‘पोद्रीआ बाखार ला बोस, पोर फाबोर?’ आवाज जरा कमी कराल का? किंवा ‘ले इम्पोर्तारीआ आब्लार उन पोको मास बाखो?’ थोडं हळू बोलायला आपली हरकत नाही ना? दोन्हींत संकेतार्थ आहे, ‘-रीआ’ हा शेवट ऐकू येतो तो त्याचाच. नम्रतेचं बरंचसं काम तो शेवट करतो. ‘उन पोको’ म्हणजे थोडं, तेही गाळू नका. मेक्सिकोत तर त्याचंही ‘उन पोकितो’ करतात आणि ‘बाखो’चं ‘बाखितो’. त्या देशात असे लाडके प्रत्यय लावण्यात काही बालिश नाही, उलट ते न लावणारा परका वाटतो. कोलंबियात ‘मे आसे एल फाबोर दे बाखार ला बोस?’ असंही कानावर पडेल.

मित्राला हेच सुटसुटीत होतं: ‘पुएदेस बाखार ला बोस?’ किंवा ‘ते इम्पोर्ता आब्लार मास बाखो?’ अर्जेंटिनात ‘पोदेस बाखार ला बोस?’ अगदी घरगुती नात्यात नुसतं ‘बाखा ला बोस’ चालतं. ही आज्ञाच आहे, पण ‘कायाते’च्या मानाने तिला धार नाही, कारण तुम्ही त्या माणसाचं बोलणं थांबवत नाही, फक्त पट्टी उतरवायला सांगता.

वाक्याच्या आधी आणि नंतर काय येतं, याला स्पॅनिशमध्ये फार महत्त्व आहे, आणि आपले विद्यार्थी नेमकं तिथे तुटक होतात. आधी माफी: अहो-जाहोत ‘पेर्दोने’ किंवा ‘दिस्कुल्पे’, अरे-तुरेत ‘पेर्दोना’ किंवा ‘दिस्कुल्पा’. नंतर कारण. कारण देण्यासाठी स्पॅनिशमध्ये एक तयार खुंटी आहे, ‘एस के...’. आपलं ‘त्याचं काय आहे...’ जिथे येतं, तिथे हे. ‘पेर्दोने, पोद्रीआ बाखार उन पोको ला बोस? एस के एल नीन्यो एस्ता दुर्मिएन्दो.’ माफ करा, आवाज जरा कमी कराल का, त्याचं काय आहे, बाळ झोपलंय. ‘एस के’ उच्चारताच समोरचा अर्धा वितळतो, कारण तुम्ही हुकूम सोडत नाही, अडचण सांगता आहात. कारण खरंच असायला हवं असंही नाही. डोकं दुखतंय, फोनवर ऐकू येत नाही, काहीही चालतं. विनाकारण विनंती मात्र खटकते.

कधीकधी विनंती न करता नुसती वस्तुस्थिती सांगणं उत्तम. स्पेनच्या रेन्फे कंपनीच्या वेगवान गाड्यांत ‘कोचे एन सिलेन्सिओ’ नावाचा शांत डबा असतो. फोनवर बोलायचं तर डब्याबाहेर दाराजवळच्या जागेत जायचं, आपसात बोलायचं तर दबक्या आवाजात. तिथे कुणी मोठ्याने बोलू लागलं तर ‘पेर्दोने, एस्ते एस एल कोचे एन सिलेन्सिओ’ एवढंच पुरतं. माफ करा, हा शांत डबा आहे. काय करायचं ते समोरच्याने समजून घ्यायचं. या डब्याचं तिकीट तुम्हीही चुकून काढू शकता, आणि आपल्या सहलीच्या गटांना डबे-भेळ काढून गप्पा मारल्याशिवाय प्रवास घडत नाही. तेव्हा आरक्षण करताना हा शब्द ओळखून ठेवा.

आता मराठी माणसाची खास अडचण. आपलं ‘शांत’ फार मोठं पोट असलेलं आहे. ‘शांत बस’ म्हणजे बोलू नकोस, वळवळू नकोस आणि चिडू नकोस, तिन्ही. स्पॅनिशमध्ये या तिघांची घरं वेगळी. बोलू नकोस: ‘कायादो’, बाई किंवा मुलगी असेल तर ‘कायादा’. हलू नकोस: ‘किएतो’, ‘किएता’. घाबरू नकोस, तापू नकोस: ‘त्रांकीलो’, ‘त्रांकीला’. शिवाय आपण इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशला आलेलो असतो, त्यामुळे ‘किएतो’ हा ‘क्वाएट’चाच भाऊ वाटतो. बडबड्या मुलाला ‘एस्ताते किएतो’ म्हटलंत तर तो जागेवर खिळून राहील आणि बडबड चालूच ठेवेल. त्याचं काही चुकलेलं नसेल. भांडणाऱ्या माणसाला गप्प करायचं असेल तर ‘त्रांकीलो’ उपयोगी, पण जपून. ऐन रागात ते ऐकलं की माणूस आणखी चवताळतो, जसं आपल्याकडे ‘शांत व्हा, शांत व्हा’ने होतं.

सर्वनामाचा गोंधळच नको असेल तर नामाचा आधार घ्या. ‘सिलेन्सिओ, पोर फाबोर.’ यात ना ‘तू’ आहे ना ‘उस्तेद’, ना एकवचन ना अनेकवचन. म्हणूनच जिथे गर्दी असते तिथे हाच शब्द चालतो. माद्रिदच्या टेनिस स्पर्धेत पंच प्रेक्षकांना असंच सांगतो. चित्रीकरणाच्या जागी ‘सिलेन्सिओ, से रुएदा’ अशी हाळी येते, म्हणजे शांतता, कॅमेरा चालू. स्पेनच्या संसदेत अध्यक्षांना हे वाक्य वरचेवर उच्चारावं लागतं, सोबत ‘सेन्योरीआस’ हे सदस्यांसाठीचं मानाचं संबोधन. आपली लोकसभा पाहणाऱ्याला ते दृश्य अगदी घरचं वाटेल.

औपचारिक सभेत पूर्ण वाक्य हवं असेल तर ‘गुआर्दार सिलेन्सिओ’ हा प्रयोग घ्या, शब्दशः मौन राखणं. ‘गुआर्देन सिलेन्सिओ, पोर फाबोर’ हे मेक्सिकोच्या शाळेतल्या बाई रोज म्हणतात आणि न्यायाधीशही म्हणू शकतो. त्याहून नम्र: ‘लेस रुएगो के गुआर्देन सिलेन्सिओ’, मी आपल्याला मौन राखण्याची विनंती करतो. दक्षिण अमेरिकेत ‘आगान सिलेन्सिओ’ही तितकंच रुळलेलं. पाट्यांवर बहुधा ‘से रुएगा सिलेन्सिओ’ असतं. श्रद्धांजलीचं मौनही ‘राखायचं’च असतं: ‘गुआर्दार उन मिनुतो दे सिलेन्सिओ’. स्पेनमधल्या शिक्षकाची वर्गातली तऱ्हा मात्र मोकळी: ‘आ बेर, चिकोस, उन पोको दे सिलेन्सिओ’. हे ‘आ बेर’ म्हणजे आपलं ‘हं, चला बघू’.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण आता स्पॅनिश बोलतात ते पर्यटनासाठी नव्हे, पुण्या-मुंबईत बसून मेक्सिको किंवा माद्रिदच्या सहकाऱ्यांशी ऑनलाइन बैठकीत. तिथे मौन माणसाचं नको असतं, माइकचं हवं असतं. ‘पोद्रीआन सिलेन्सिआर सुस मिक्रोफोनोस, पोर फाबोर?’ हे सगळीकडे चालतं. स्पेनमधल्या ओळखीच्या चमूला ‘पोदेइस सिलेन्सिआर लोस मिक्रोफोनोस?’ मेक्सिकोत लोक ‘म्यूट’ हा शब्दच सरळ वापरतात, त्यामुळे अडलं तर तोही वापरा. कुणी सारखं मध्ये बोलत असेल तर गप्प बसायला सांगू नका, स्वतःचं बोलणं पुरं करू द्यायला सांगा: ‘देखेमे तेर्मिनार, पोर फाबोर’, ओळखीत ‘देखामे तेर्मिनार’. वरिष्ठ असतील तर ‘मे पेर्मिते तेर्मिनार?’ मेक्सिकोत अभियंत्याला हुद्द्यानेच हाक मारण्याची पद्धत आहे; ‘इन्खेनिएरो, मे पेर्मिते?’ म्हटलंत की तो थांबतो आणि दुखावतही नाही.

मित्रांच्या कोंडाळ्यात गेलात की सगळे नियम सैल होतात. स्पेनमध्ये ‘काया, काया!’ ऐकून ओशाळू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘छे, काय सांगतोस!’ किंवा ‘नको रे बाबा, ती आठवणही नको’ असा असतो, म्हणजे बोलत राहण्याचंच ते आमंत्रण. ‘पुन्तो एन बोका’ म्हणजे ही गोष्ट आपल्यातच, कुठे बोलू नकोस. ‘चितोन’ म्हणजे अळीमिळी गुपचिळी. ‘सिएर्रा एल पीको’, चोच मीट, हे स्पेनमध्ये उद्धट पण चालू बोलीतलं. चिलीत ते चुकूनही म्हणू नका, कारण तिथे ‘पीको’चा अर्थ चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही. मेक्सिकोतलं ‘कायादिता ते बेस मास बोनिता’, गप्प असलीस की जास्त सुंदर दिसतेस, हे वाक्य गंमत म्हणून फेकलं जातं. तिथल्या स्त्रियांनी त्याविरुद्ध पुष्कळ आवाज उठवला आहे आणि तो योग्यच आहे. तुमच्या वहीत ते लिहिलेलं असेल तर खोडून टाका.

‘उस्तेद’ म्हणजे परकेपणा, हेही सगळीकडे खरं नाही. बोगोटात आणि कोस्टा रिकात मित्र मित्राला, आई मुलाला ‘उस्तेद’ म्हणताना आढळते, आपल्याकडे काही घरांत लहान मुलांना लाडाने ‘अहो’ म्हणतात तसं. तिथे ‘कायेसे’ हे आईचं दटावणंही असू शकतं. उलट आजच्या स्पेनमध्ये तरुण वेटर तुम्हाला पहिल्याच वाक्यात ‘तू’ म्हणेल. आपण मात्र सुरुवात ‘उस्तेद’नेच करावी. समोरच्याला नको असेल तर तो ‘तुतेआमे’ म्हणेल, मला अरे-तुरे कर. उलट दिशेने, म्हणजे ‘तू’वरून ‘उस्तेद’वर जाणं हे भांडणाचं लक्षण समजतात.

शब्दांवाचूनही काम होतं. ओठांवर बोट आणि ‘श्श’ सगळीकडे कळतं. स्पॅनिशमध्ये त्याला ‘चिस’, ‘चिस्त’ अशीही रूपं आहेत, पण त्याच आवाजाने लोक हाकही मारतात, त्यामुळे मागून ‘चिस्त’ आलं तर तुमचं पाकीट पडलेलं असण्याचीही शक्यता आहे. स्पेनमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात सामोरा शहरात बुधवारी संध्याकाळी मौनाची शपथ घेऊन मिरवणूक निघते. सेव्हियात तर ‘एल सिलेन्सिओ’ याच नावाने ओळखलं जाणारं मंडळ गुड फ्रायडेच्या पहाटे रस्त्यावर असतं. आपल्याला मिरवणूक म्हणजे ढोल-ताशा. तिथे मोबाइलवर घरच्यांना दृश्य दाखवत बोलू लागलात की चारी बाजूंनी ‘चिस’ येईल. त्यावर ‘पेर्दोन’ एवढंच पुटपुटायचं आणि फोन खिशात घालायचा.

राहता राहिला रात्रीचा शेजारी. शिकायला किंवा नोकरीला स्पेनमध्ये राहणाऱ्यांना हे सर्वांत जास्त लागतं. २००३चा ध्वनिविषयक कायदा आणि त्याखालचे नियम यांत रात्र धरली आहे ती अकरा ते सकाळी सात. त्या वेळेत गोंगाट झाला तर आधी दार वाजवून ‘पेर्दोने के ले मोलेस्ते’, त्रास देतोय त्याबद्दल माफ करा, अशी सुरुवात करा. मग ‘पोद्रीआन बाखार उन पोको ला मूसिका?’, संगीत जरा कमी कराल का, आणि शेवटी ‘एस के मान्याना माद्रूगो’, उद्या मला पहाटे उठायचंय. शेजारी तरुण विद्यार्थी असतील तर ‘पोद्रीआन’च्या जागी ‘पोद्रीआइस’ म्हणा, जास्त आपलेपणाचं वाटतं. दोनदा सांगूनही फरक पडला नाही तर तिसऱ्यांदा भांडायला जाऊ नका; शहराच्या स्थानिक पोलिसांकडे आवाजाची तक्रार करता येते, आणि ते येऊन समजही देतात. फोनवर पत्ता, मजला आणि दाराचा क्रमांक स्पष्ट सांगा. पोलिसांशी बोलताना ‘उस्तेद’ सोडू नका.